झाकलेली मूठ मुलाला दिसते

(व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला तो असा : 'आई-वडिलांचं नैराश्य आणि मुलांचं मानसिक आरोग्य'. आता मी डॉक्टर आहे, पण औषध देणारा नव्हे. माझी डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली, तिनं आजवर कोणाचा साधा तापही उतरलेला नाही. त्यामुळे उपचार काय करावेत हे मी सांगणार नाही. आमच्या धंद्यात एक गोष्ट शिकवतात, ती म्हणजे मजकूर सावकाश वाचणं. त्यात काय म्हटलं आहे आणि काय गाळलं आहे हे तपासणं. तेवढंच आज करू.

मजकूर दोन आहेत. दोन्ही सोरेन किर्केगार्द या डॅनिश तत्त्वज्ञाचे, दोन्ही पान-दोन पानांचे. नैराश्य बापाकडून मुलाकडे कसं जातं, याचं इतकं बारकाईनं केलेलं वर्णन मला तत्त्वज्ञानात दुसरीकडे सापडलं नाही. पण त्या वर्णनात दोष आहेत, आणि ते दोष आज आपल्या घरांतही आहेत. म्हणून आज नुसतं कौतुक करायचं नाही, समीक्षा करायची आहे.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. मराठीत या विषयावर दोन म्हणी तयार आहेत. एक, 'खाण तशी माती'. दुसरी, 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार'. दोन्हींत मुलाची कल्पना एकच आहे : मूल म्हणजे भांडं. वर असेल ते खाली येणार. आड कोरडा, तर पोहरा कोरडा. माझं म्हणणं असं की मूल हा पोहरा नाही. मूल भाष्यकार आहे. आईच्या चेहऱ्यावर काय आहे ते ते वाचतं, आणि त्याचा अर्थ लावतं. मूळ सूत्र त्याला कोणी सांगितलेलं नसतं, पण भाष्य ते लिहितंच. आणि बरेचदा ते भाष्य चुकतं.

आता किर्केगार्दच्या घरात जाऊ.

सोरेनचा जन्म ५ मे १८१३ चा, कोपनहेगनमधला. वडील मायकेल तेव्हा ५६ वर्षांचे, आई आने ४४ वर्षांची. सात भावंडांत हा शेंडेफळ. वडील मूळचे जटलंडच्या माळरानावरचे, गरीब घरातले, लहानपणी मेंढ्या राखायचे. पुढे शहरात येऊन लोकरी मालाच्या व्यापारात त्यांनी इतका पैसा केला की चाळिशीच्या सुमारासच धंद्यातून अंग काढून घेतलं. बाहेरून पाहाल तर भरलेलं घर. पण आत एक ओझं होतं. माळरानावर थंडीनं आणि भुकेनं गांजलेल्या त्या पोरानं एकदा टेकाडावर उभं राहून देवाला शिव्याशाप दिले होते. शिवाय पहिली बायको वारल्यावर घरातल्या मोलकरणीशी, म्हणजे आनेशी, त्यांनी लग्न केलं तेव्हा ती गरोदर होती. त्या दोन गोष्टी हा माणूस म्हातारपणापर्यंत विसरला नाही. देव आपल्याला शिक्षा करणार, मुलं आपल्या डोळ्यांदेखत जाणार, ख्रिस्ताच्या वयापलीकडे, म्हणजे ३३ च्या पलीकडे, कोणी जगणार नाही, अशी समजूत त्या घरात रुजली. आणि दुर्दैव असं की घटनांनीही तिला साथ दिली. दोन भावंडं सोरेनच्या लहानपणीच गेली. १८३२ ते १८३४ या तीन वर्षांत दोन बहिणी, एक भाऊ आणि आई गेली. उरले म्हातारे वडील, थोरला पीटर आणि धाकटा सोरेन.

डॅनिश भाषेत या मनःस्थितीला 'तुंगसिंद' म्हणतात. हा आपल्या तुंगभद्रेतला तुंग नव्हे. डॅनिशमध्ये तुंग म्हणजे जड, सिंद म्हणजे मन. जड मन. मराठीत आपण म्हणतोच ना, 'मन जड झालंय'. गंमत पाहा, दोन भाषा एकमेकींना न भेटता एकाच शब्दावर पोचल्या. अर्थात दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजचं निदान चिकटवायचं नसतं, आणि मी ते करतही नाही. किर्केगार्दनं स्वतः वापरलेला शब्दच मी घेतो : जड मन. वडिलांचं आणि आपलंही.

आणखी एक तपशील. किर्केगार्दच्या एका अपूर्ण लेखनात एक मुलगा आहे. तो बाहेर फिरायला जाऊ का विचारतो, आणि वडील बहुतेक वेळा नाही म्हणतात. पण त्याऐवजी त्याचा हात धरतात आणि खोलीतल्या खोलीत येरझारा घालत त्याला सगळं शहर दाखवतात : ही गाडी गेली, हे ओळखीचे गृहस्थ भेटले, ही फळवाली. मुलगा फिरून दमतो. सोरेनच्या लहानपणाचं हे चित्र आहे असं अभ्यासक मानतात. मी ते मुद्दाम सांगतो, कारण जड मनाचा बाप म्हणजे वाईट बाप, असं समीकरण आपण पटकन मांडतो. हा बाप प्रेमळ होता, कल्पक होता. तरीही मुलगा घराबाहेर जाऊ शकला नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आता पहिला मजकूर. १८४५ साली 'जीवनमार्गावरील टप्पे' नावाचं त्याचं पुस्तक आलं. त्यात एक छोटंसं टिपण आहे, शीर्षक 'शांत निराशा'. गोष्ट माझ्या शब्दांत सांगतो. एक बाप आणि एक मुलगा. दोघंही हुशार, दोघंही विनोदी. बापाला मुलात आपलं मागचं रूप दिसतं, मुलाला बापात आपलं पुढचं. रोजचं बोलणं हसतखेळत चालतं. फक्त क्वचित कधीतरी बाप मुलासमोर थांबतो, दुःखी चेहऱ्यानं त्याच्याकडे पाहतो आणि एवढंच म्हणतो की बिचाऱ्या पोरा, तू आतल्या आत निराश आहेस. पुढे प्रश्न नाही, उत्तर नाही. बापाला वाटतं, मुलाच्या या स्थितीला मी कारण. मुलाला वाटतं, बापाच्या दुःखाला मी कारण. त्यावर दोघांत एक शब्दही होत नाही. मग बाप मरतो. मुलगा खूप जग बघतो, म्हातारा होतो, आणि शेवटी बापाच्या आठवणीनं बापाचा आवाज काढायला शिकतो, आणि बापाचं ते वाक्य त्याच आवाजात स्वतःलाच ऐकवत राहतो.

झाली गोष्ट. आता बघा, यात तीन गोष्टी त्यानं पकडल्या आहेत.

पहिली, दुःखाची देवाणघेवाण दोन्ही दिशांनी होते. आपण नेहमी वरून खाली असा विचार करतो, पालकाकडून मुलाकडे. इथे दोघंही एकमेकांकडे बघून स्वतःला दोषी ठरवतायत. दुसरी, दुःखावर चढतो तो अपराधभाव. तर्कशास्त्रात आम्ही काकतालीय न्याय शिकवतो. मराठीत म्हणतात, 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला'. सहा वर्षांच्या मुलाच्या हातून दूध सांडलं आणि त्याच संध्याकाळी आई खोलीत जाऊन रडली. मुलाच्या हिशेबात कावळा कोण? तो स्वतः. त्याला दुसरं कारण ठाऊकच नाही, म्हणून आपल्या आवाक्यातलं एकमेव कारण तो निवडतो. तिसरी गोष्ट, आवाजाची. बाप गेल्यानंतरही त्याचं वाक्य मुलाच्या तोंडात राहतं. नैराश्याचा वारसा हा बरेचदा स्वतःशी बोलण्याच्या पद्धतीचा वारसा असतो.

दुसरा मजकूर 'भय आणि कंप' या १८४३ च्या पुस्तकातला. बायबलमधली अब्राहमची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. देव म्हणतो, तुझा मुलगा इसहाक मला बळी दे. बाप मुलाला घेऊन डोंगरावर जातो, सुरी उचलतो, शेवटच्या क्षणी देव थांबवतो. आपल्या श्रियाळ-चांगुणा आणि चिलया बाळाच्या जातकुळीतली गोष्ट. किर्केगार्द पुस्तकाच्या सुरुवातीलाच ही गोष्ट चार वेगवेगळ्या रीतींनी सांगून पाहतो. त्यातल्या दोन आपल्या कामाच्या आहेत.

एकीत सगळं बायबलप्रमाणे होतं, मुलगा वाचतो, दोघं घरी येतात. इसहाक पूर्वीसारखा वाढतो, फुलतो. पण अब्राहमच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, त्याला पुन्हा कधी आनंद दिसत नाही. दुसरीत अब्राहम सुरी काढतो तेव्हा त्याचा डावा हात निराशेनं आवळला जातो, अंगातून एक थरथर जाते. इसहाकला ती मूठ दिसते. मेंढा बळी दिला जातो, दोघं घरी येतात, पण इसहाकची श्रद्धा गेलेली असते. त्यानं काय पाहिलं ते तो कोणाला सांगत नाही, आणि कोणी पाहिलं असेल अशी अब्राहमला शंकाही येत नाही.

मराठीत म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. घरातलं दुखणं बाहेर जाऊ नये म्हणून आपण ही म्हण वापरतो. किर्केगार्द आपल्याला सांगतो, मूठ कितीही झाका, ती आवळलेली आहे हे मुलाला दिसतं. मुठीत काय आहे एवढंच दिसत नाही.

पण एक प्रश्न त्यानं तसाच सोडला. पहिल्या गोष्टीतला इसहाक फुलला आणि दुसरीतला मोडला. का? बाप तर दोन्हीकडे दुःखी आहे. किर्केगार्द याचं उत्तर देत नाही. विसाव्या शतकात मानसशास्त्रज्ञ नेमका तोच प्रश्न घेऊन बसले. त्यांना काय सापडलं ते थोडक्यात पाहू.

अमेरिकेत मायर्ना वाइसमन यांनी १९८२ च्या सुमारास नैराश्यग्रस्त पालकांची आणि तसा आजार नसलेल्या पालकांची मुलं घेऊन एक अभ्यास सुरू केला, आणि ती मुलं मोठी होईपर्यंत, त्यांना मुलं होईपर्यंत चालवला. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष असे : नैराश्यग्रस्त पालकांच्या मुलांत नैराश्य आणि चिंतेचे आजार यांचा धोका सुमारे तिप्पट. यात रक्ताचा भाग आहेच. जुळ्यांच्या अभ्यासांवरून नैराश्यातला आनुवंशिक वाटा ३७ टक्क्यांच्या आसपास काढला जातो. म्हणजे 'खाण तशी माती' ही म्हण अगदीच खोटी नाही, पण अर्ध्याहूनही कमी खरी आहे.

दुसरा प्रयोग एडवर्ड ट्रॉनिक यांचा, १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला. आई तान्ह्या बाळाशी नेहमीसारखी खेळते. मग तिला सांगतात, दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेव. बाळ काय करतं? हसतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आईला परत आणायचा प्रयत्न करतं. जमत नाही म्हटल्यावर मान फिरवतं, मलूल होतं. हा प्रयोग सगळीकडे दाखवतात, आणि तो पाहून आया घाबरतात. पण ट्रॉनिक यांचं दुसरं म्हणणं कोणी फारसं सांगत नाही. चांगल्या, निरोगी आई-बाळाच्या खेळातसुद्धा दोघांचा सूर जुळलेला असतो तो जेमतेम ३० टक्के वेळ. उरलेला वेळ सूर चुकतो आणि परत जुळवला जातो. बाळ शिकतं ते या परत जुळण्यातून. तेव्हा एखादा दिवस आईचा चेहरा विझलेला असला म्हणून मूल बिघडत नाही. सूर तुटल्यावर कोणी परत जुळवतच नसेल, तर प्रश्न येतो.

तिसरा अभ्यास २००६ चा, पुन्हा वाइसमन आणि सहकाऱ्यांचा. नैराश्यावर उपचार घेणाऱ्या आया आणि त्यांची ७ ते १७ वयाची मुलं, अशा १५१ जोड्या. उपचार फक्त आईवर. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा, ज्या आया पूर्ण सावरल्या त्यांच्या मुलांत निदान होण्याजोग्या त्रासाचं प्रमाण सुमारे ११ टक्क्यांनी घटलं होतं. ज्या सावरल्या नाहीत त्यांच्या मुलांत ते सुमारे ८ टक्क्यांनी वाढलं होतं. मुलाला एक गोळी न देता मूल सुधारलं! जी आई म्हणते, 'माझं काय, माझं राहू दे, मुलांचं बघा', तिला हे कोणीतरी सांगायला हवं. मुलांचं बघायचं असेल तर आधी तिचं बघायला हवं.

आणि चौथे, बॉस्टनचे विल्यम बीअर्डस्ली. त्यांनी उलटा प्रश्न विचारला. पालक आजारी असूनही जी मुलं नीट उभी राहिली, त्यांच्यात काय होतं? १९८८ च्या त्यांच्या लेखात उत्तर आहे. त्या मुलांना जवळची नाती होती, करायला स्वतःचं काही काम होतं, आणि मुख्य म्हणजे समज होती. आई आजारी आहे, हा आजार आहे, तो माझ्यामुळे झालेला नाही आणि मी तो बरा करू शकत नाही, हे त्यांना कळलेलं होतं. पुढे बीअर्डस्लींनी याच पायावर कुटुंबांसाठी एक पद्धत बसवली : आई-वडील आणि मुलं एकत्र बसून आजाराबद्दल बोलतात. पहिल्या इसहाकची आणि दुसऱ्या इसहाकची वाट कुठे वेगळी झाली, याचा निदान एक धागा इथे हाती लागतो. ज्या मुलाला मूठ दिसली आणि मुठीबद्दल कोणी बोललंही, ते मूल वाचण्याची शक्यता जास्त.

इथपर्यंत किर्केगार्द आणि संशोधन हातात हात घालून चालले. आता समीक्षा.

पहिला आक्षेप. या सगळ्या कथेत आई कुठे आहे? आने किर्केगार्द ज्या घरात सात मुलं वाढवत होती, त्या घराबद्दल मुलगा हजारो पानं लिहितो आणि आईचा जवळजवळ उल्लेखच करत नाही. वडिलांना पुस्तकं अर्पण केली, आईला एकही नाही. 'भय आणि कंप'मधल्या त्या चार गोष्टींना प्रत्येकी एक छोटी पुरवणी आहे, तिच्यात आई येते, पण कशाला? मुलाचं दूध तोडायला! बाप देवाशी झगडणार, आई स्तन काळा करून मुलाला दूर सारणार. दुःख मोठं ते बापाचं.

विसाव्या शतकात हे चित्र उलटं झालं, आणि माझ्या मते तितकंच वाकडं झालं. आता सगळीकडे आईच. १९८० साली फ्रेंच मनोविश्लेषक आंद्रे ग्रीन यांनी 'मृत माता' या नावाचा निबंध वाचला. आई जिवंत आहे, पण शोकानं आतून विझलेली आहे. मूल तिला जागं करायचा प्रयत्न करतं, हरतं, आणि शेवटी तो विझलेपणाच आपल्यात घेतं. निरीक्षण खोल आहे. पण नाव बघा : मृत माता. अंथरुणावरून उठून कशीबशी मुलाचा डबा भरणाऱ्या बाईला हे नाव! वडील या निबंधात आहेत, पण कडेला. त्याआधी ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात मुलांच्या ऑटिझमचं खापर आईच्या थंडपणावर फोडलं होतं. ते पुढे साफ चुकीचं ठरलं, पण किती आयांनी ते मुकाट्यानं सोसलं असेल! एकोणिसाव्या शतकातला मुलगा आईला विसरला आणि विसाव्या शतकातल्या शास्त्रानं तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. दोन्हीकडे तिला 'तुला काय झालं' असं विचारायचं राहिलं.

ते विचारलं गेलं, आणि आपल्या अगदी शेजारी विचारलं गेलं. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी एका जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या २७० गरोदर बायकांना बाळंतपणानंतरही भेटत राहून अभ्यास केला. तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आया नैराश्यात होत्या. कारणं कोणती निघाली? पैशाची ओढाताण, नवऱ्याशी बिघडलेलं नातं, घरातली मारहाण. आणि मुलगी झाली की धोका वाढत होता. पुढच्याच वर्षीच्या लेखात त्यांनी बाळांची वजनं-उंची मोजली. नैराश्यात असलेल्या आयांची बाळं सहा महिन्यांची झाली तेव्हा वजनाला आणि उंचीला मागे होती, मानसिक विकासाच्या मोजमापातही मागे.

आता हे आकडे फक्त शेवटून वाचले तर वाक्य होतं, 'आईच्या नैराश्यानं बाळ खुरटलं'. सुरुवातीपासून वाचले तर वाक्य होतं, 'नवऱ्यानं मारलं, सासरी मुलगी नको होती, घरात पैसा नव्हता. म्हणून आई खचली, आणि म्हणून बाळ खुरटलं'. पहिल्या वाक्यात दोषी आई. दुसऱ्यात आई ही साखळीतली मधली कडी. कार्यकारणभावाची साखळी कुठून मोजायला सुरुवात करायची, हा निर्णय तर्काचा वाटतो, पण तो नीतीचा असतो. आणि बापही या साखळीत दोन्ही अंगांनी असतो. २००५ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरातल्या हजारो कुटुंबांवरचा एक अभ्यास आला. बाळ आठ आठवड्यांचं असताना वडील नैराश्यात असतील, तर साडेतीन वर्षांच्या मुलांत, विशेषतः मुलग्यांत, भावनिक आणि वागणुकीचे त्रास जास्त दिसले. किर्केगार्द याबाबतीत बरोबर होता. बापाचं मन जड असू शकतं आणि ते मुलाला लागू शकतं.

दुसरा आक्षेप जास्त मूलभूत आहे. किर्केगार्दला घरातलं मौन दिसलं, पण त्यानं त्याला थोर करून टाकलं. 'भय आणि कंप'मध्ये अब्राहम गप्प आहे, कारण त्याच्याकडे जे आहे ते सांगताच येत नाही. देवाची ती आज्ञा कोणत्याही भाषेत समजावता येणार नाही. हे अवाच्य मौन. ठीक आहे, तत्त्वज्ञानात त्याला जागा आहे. पण 'शांत निराशा'मधला बाप आणि मुलगा, त्यांचं मौन तसं आहे का? एकानं म्हणायचं होतं, बाबा, तुम्ही माझ्यामुळे दुःखी आहात का? दुसऱ्यानं म्हणायचं होतं, नाही रे. दोन वाक्यं. ती कोणत्याही भाषेत म्हणता येतात. ते मौन न बोलता येण्याचं नाही, न बोललेल्याचं आहे. किर्केगार्दनं या दोन मौनांना एकच पोशाख चढवला, आणि घरातली एक साधी अडचण गूढ होऊन बसली. १८४१ साली त्यानं रेगीन ओल्सनशी ठरलेलं लग्न मोडलं, त्यामागेही हेच होतं : आपलं जड मन आणि वडिलांचं गुपित हिला सांगता येणार नाही, ही खात्री. सांगून पाहिलं नाही, खात्री मात्र पक्की.

यावर एक उत्तर नेहमी येतं. 'सर, पण ते दुःख नसतं तर किर्केगार्द झाला असता का?' हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. त्याच घरात थोरला भाऊ पीटर वाढला. तो मोठा विद्वान, पुढे आल्बोर्गचा बिशप झाला. सोरेनच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदांत, वडिलांनी माळरानावर देवाला दिलेल्या शापाची नोंद सापडली. संपादकानं ती पीटरला दाखवली तेव्हा तो रडला, आणि ही वडिलांची हकिगत आहे तशीच आमचीही आहे, अशा अर्थाचं बोलला. शेवटी मनाच्या त्रासापायीच त्यानं १८७५ मध्ये बिशपपद सोडलं. त्याचा मुलगा पॉल, तोही मानसिक आजारानं खचला. म्हणजे तिसरी पिढी. जड मनातून प्रतिभा निघते असं म्हणायचं असेल तर पीटर आणि पॉलचा हिशेब कोण देणार? आपण फक्त जिंकलेलं तिकीट दाखवतो आणि लॉटरी चांगली म्हणतो.

आता आपल्या घरांकडे या. आपलं मौन किर्केगार्दइतकं तात्त्विक नसतं. ते असं असतं : 'आईला बरं नाही, आवाज करू नकोस.' 'बाबांना त्रास देऊ नकोस.' आणि सगळ्यांत प्रेमानं म्हटलेलं, सगळ्यांत घातक वाक्य : 'तू शहाण्यासारखं वाग, म्हणजे आईला बरं वाटेल.' हे वाक्य तर्कानं उलगडा. मी शहाण्यासारखं वागलो तर आई बरी होणार. आई बरी झालेली नाही. म्हणजे मी शहाण्यासारखं वागलो नाही. सात वर्षांच्या मुलालाही एवढं अनुमान येतं. मग ते आणखी शहाणं होतं. स्वतःचं ताट उचलतं, धाकट्याला सांभाळतं, मार्कं आणतं, काही मागत नाही. नातेवाईक म्हणतात, किती समजूतदार आहे! मला या 'समजूतदार' शब्दाची भीती वाटते. ज्या मुलाची कोणी समजूत घातलेली नाही, त्याला आपण समजूतदार म्हणतो.

आणि दवाखान्यात? नॉर्वेमध्ये २०१० पासून कायद्यानं आरोग्य कर्मचाऱ्यांवर बंधन आहे : रुग्णाला मानसिक आजार असेल तर त्याला लहान मुलं आहेत का हे विचारायचं, आणि त्या मुलांना माहिती आणि आधार मिळतो ना हे पाहायचं. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात एक चांगली तरतूद आहे, उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडू नये अशी. चांगलीच आहे. पण चार वर्षांचं मूल, दहा वर्षांची मुलगी? ती बाहेर बाकावर बसलेली असते, हातात पाण्याची बाटली घेऊन. तिला कोणी काही विचारत नाही, आणि ती सगळं बघत असते. आपल्या डॉक्टरांनी केसपेपरवर एक ओळ वाढवावी : मुलं किती, वयं काय, त्यांना काय सांगितलं आहे. त्याला मोठा खर्च लागत नाही.

माझं म्हणणं संपलं. एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, तो वाचतो. 'मुलाला नेमकं काय सांगायचं? लहान वयात सांगितलं तर ते घाबरणार नाही का?'

चांगला प्रश्न आहे. सगळं सांगायचं नाही. नवरा-बायकोची भांडणं, पैशाचे हिशेब, मरणाचे विचार हे मुलाच्या खांद्यावर टाकायचं नाही. त्यासाठी मोठी माणसं आहेत, डॉक्टर आहेत. रात्री-अपरात्री कोणीच नसेल तर सरकारचा 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. मुलाला चार गोष्टी पुरतात, आणि त्या आजारी माणसानं स्वतः सांगितल्या तर उत्तम. मला आजार आहे, त्याला नाव आहे. तो तुझ्यामुळे झालेला नाही. तो बरा करणं तुझं काम नाही, त्यासाठी मी डॉक्टरांकडे जातो. आणि मी खोलीत असेन तेव्हा तुला काही हवं असेल, तर अमुक काकूंना, आजीला, मावशीला सांग. नाव घेऊन सांगा, 'कोणालाही सांग' म्हणू नका. आणि एकदा सांगून भागत नाही. सहाव्या वर्षी सांगितलेलं दहाव्या वर्षी पुन्हा सांगावं लागतं, कारण मूल नवे प्रश्न घेऊन येतं.

घाबरेल का? थोडं घाबरेल. पण मूठ त्यानं आधीच पाहिलेली आहे. सांगण्यानं त्याला भीती नव्यानं मिळत नाही. आतापर्यंत जे भाष्य ते एकटंच लिहीत होतं, ते तपासायला कोणीतरी शेजारी बसलं, एवढंच होतं.